तिसरी खाच

पाटणहून कराडला परत येत होतो. आतेबहिणीच्या पोराचं लग्न, वर भरपेट जेवण, त्यावर वैशाखातलं ऊन. मल्हारपेठच्या अलीकडं रस्त्याचा एक तुकडा कुणीतरी उकरून तसाच सोडून दिलेला होता. अर्ध्या भागात खडी, उरलेल्यात जुन्या डांबराचे उभे काठ. तो लांबून दिसल्याबरोबर आईनं मागून खांद्यावर थाप मारली. "थांब जरा. उतरते मी." मला वाटलं, चप्पल पडली असेल. ती उतरली, आहेरात आलेल्या साडीची पिशवी काखेत मारली, पदर डोक्यावर ओढला आणि सरळ चालू लागली. "तू हो म्होरं. त्या चिंचंखाली थांब, आलेच मी." पहिल्या गिअरमध्ये तिच्या बाजूनं चालावं म्हटलं तर तेही तिला पसंत पडेना. "धूळ उडतीया, जा की." मागून आलेल्या छोटा हत्तीवाल्यानं वेग कमी केला, आम्हा दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि मला विचारलं, "दादा, आईसंगं भांडलायसा काय?" चिंचेखाली ती आली, घाम पुसला, मागं बसली आणि लग्नातली बासुंदी कशी पातळ झाली होती यावर बोलायला लागली.

भांडलो असतो तर बरं झालं असतं.

तिनं ना रस्त्याला नावं ठेवली, ना गाडीला, ना मला. तिच्या कमरेतल्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी झिजलेली आहे. गाडीवर बसायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. आमच्या भागात गाडीवर बसायचं नाही म्हणजे लग्नाला जायचं नाही, बारशाला जायचं नाही, दहाव्यालाही जायचं नाही, कारण आतल्या गावांना दुपारनंतर एसटी असली तर असते. त्यामुळं तिनं आपल्यापुरता तोडगा काढला होता. बरा रस्ता गाडीवर, वाईट रस्ता पायी. तिच्या दृष्टीनं विषय तिथं मिटला होता. माझा मिटेना. रात्री गच्चीवर पडलो तरी काखेत पिशवी मारून चाललेली तिची पाठ दिसत राहिली, आणि सगळ्यात जास्त लागलं ते हे की उतरण्याआधी तिनं एकदाही 'हळू चालव' म्हटलं नव्हतं. हळू चालवून उपयोग नाही हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

हा रस्ता गुहागर-विजापूर. ज्यांनी तो केलाय त्यांना जास्त सांगायला नको, आणि ज्यांनी केला नाही त्यांनी गुगलनं दाखवलेल्या वेळेत किमान पाऊण तास मिळवावा. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून जेमतेम साठ किलोमीटरवर, कराडात, सातशेच्या आगेमागे. म्हणजे एकच रस्ता एका टोकाला कोकण आणि दुसऱ्या टोकाला देश. पाण्याचं आणि डांबराचं जमत नाही. खडीला धरून बसलेलं डांबर पाणी हळूहळू सोडवतं, मग वरून ट्रक गेला की त्या फटीतलं पाणी दाबानं बाहेर उसळतं आणि जाताना बारीक खडी घेऊन जातं. दोन महिन्यांत तिथं घमेलं मावेल एवढा खड्डा. गटारी धड असतील तर हे होत नाही. पण गटारीच्या जागेवर टपऱ्या आहेत आणि टपरीतला चहा चांगला असतो, त्यामुळं आपणही काही बोलत नाही. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, कागदावर असतो त्याच्या दीडपट ऊस, आणि चाकाच्या मापाचे दोन खोल चर. दुचाकीवाल्याला त्या चरात शिरलं की बाहेर निघता येत नाही आणि बाहेर असलं की आत घसरायची भीती.

आणि गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधकाचं माप लिहिलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, वरचा गोलवा १७ मीटर त्रिज्येचा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरनं गाडी सुखानं वरून जावी. ३.७ मीटर म्हणजे बारा फूट. आमच्या पट्ट्यात असा गतिरोधक मला दाखवून द्या, मी जेवायला घालतो. इथं दीड हात रुंद आणि वीतभर उंच असा एक उंचवटा असतो. कुणाच्या तरी दारात पोरगं गाडीखाली येता येता वाचलं, त्या रात्री गावानं मिळून तो घातलेला असतो, आणि घालणाऱ्यांची चूक आहे असं मला म्हणवत नाही. पण पुढचं चाक त्याच्यावर चढतं तेव्हा मनगटापासून मानेपर्यंत जे काही जातं, ते मानकात बसत नाही. आई पाटण तालुक्यातलीच. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या सुमाराला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती पहिली-दुसरीत होती. घराची मागची भिंत बसली, गोठ्यातली म्हैस दावं तोडून ओढ्याला गेली, हे तिनं शंभरदा सांगितलंय. मागं एकदा एका गतिरोधकावरून गेल्यावर ती म्हणाली होती, "भूकंप निदान एकदाच आला." तेव्हा मी हसलो होतो.

गाडी माझी पल्सर दीडशे. बरीच वर्षं झाली, इंजिन अजून कुरकुरत नाही, पण पुढच्या डाव्या शॉकअपवर तेलाचं एक कडं यायला लागलं होतं आणि त्यावर धूळ बसून काळी पट्टी झाली होती. मागची सीट हातानं दाबून सोडली की एकदा वर येऊन थांबायला हवी. ती तीनदा नाचायची. गॅरेजला नेली. मिस्त्री माझ्या वर्गातला, हात चांगला. त्यानं हँडल धरून पुढचा ब्रेक दाबला, दोन-चार वेळा गाडी खाली ढकलली आणि निदान केलं, "मऊ पडलीत. वीस-चाळीस टाकतो, दगड होतील." वीस-चाळीस म्हणजे इंजिन ऑइल. ते निम्म्या तालुक्याच्या शॉकअपमध्ये आहे. स्वस्त पडतं, डबा उघडलेलाच असतो आणि गिऱ्हाईक गाडी घेऊन बाहेर पडताना ब्रेक मारून बघतं, तेव्हा गाडीचं तोंड पूर्वीसारखं खाली बसत नाही, त्यामुळं खूशही होतं. पण मला दगडच नको होता, दगड रस्त्यावर पुरेसे होते. मी 'बघतो' म्हणून गाडी घरी आणली.

पुढच्या शॉकअपच्या आत बघण्यासारखं फार नसतं. एक लांब स्प्रिंग, थोडं तेल, आणि बारीक भोकं पाडलेली एक नळी. चाक वर येतं तेव्हा तेलाला त्या भोकांतून जावं लागतं, आणि जाताना ते जो विरोध करतं त्यामुळं स्प्रिंगची उसळी आवरली जाते. रंगपंचमीची पिचकारी ज्यानं हातात धरलीय त्याला पुढचं सांगायला नको: हळू दाबली की रंग सहज येतो, जोरात दाबली की दांडा अडतो. हिशेब असा की वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट होतो. म्हणून रस्त्यात सावकाश लाट असेल किंवा आपण ब्रेक दाबला तर तेल फारसं अडवत नाही आणि तोंड खाली बुडतं. आणि डांबराचा उभा काठ आला, चाकाला निमिषात वर यायचं असलं, की तेच तेल भिंत होऊन उभं राहतं आणि दणका थेट हातात. तेल दाट केलं की बुडणं कमी होतं खरं, पण भिंत आणखी जाड होते. ब्रेक मारून बघणाऱ्याला ते कळत नाही. मागं बसणाऱ्याला कळतं.

अण्णा, माझे वडील, एसटीत होते, कराड आगारात, वर्कशॉपला. निवृत्त होऊनही त्यांना बरीच वर्षं झाली. आता ऐकायला कमी येतं, पण गाडीच्या बाबतीत त्यांना ऐकू येण्याची गरज पूर्वीही नव्हती. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ते बेअरिंग सांगायचे. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन आगारात जायचो. खड्ड्यावर उभी केलेली लाल गाडी, खाली उतरलेले अण्णा, डिझेलचा आणि जुन्या ग्रीसचा वास, आणि कमानपाट्यांच्या मधे वंगण घालताना येणारा तो ओलसर कुईकुई आवाज. पाट्यांचं एक बरं असतं, ते एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच निम्मी उसळी जिरते, त्याला वेगळं तेल लागत नाही. मात्र रिकाम्या एसटीत तेच पाटे इतके कडक वाटतात की मागच्या सीटवरचा माणूस उडून छताला लागावा. पन्नास माणसांच्या वजनाला बनवलेल्या गाडीत सात माणसं बसली की दुसरं काय होणार. आम्ही पोरं मुद्दाम मागची सीट धरायचो आणि पाटणच्या रस्त्याला किती वेळा उडालो हे मोजायचो. तो खेळ होता. आता त्याच रस्त्याला त्याच वयाची पोरं माझ्या पुढं टाकीवर बसलेली दिसतात बापाच्या हाताच्या कोंडाळ्यात, आणि मला आधी त्यांची हनुवटी आणि स्पीडोमीटर यांच्यातलं अंतर दिसतं.

घरी काम करायचं ठरल्यावर अण्णांनी पडवीत खुर्ची टाकून घेतली. आधी स्वस्तातला उपाय. तेल गळतं ते पुष्कळदा सील, म्हणजे पाइपाभोवती तेल अडवणारं रबरी कडं, फाटल्यामुळं नव्हे, तर सीलच्या ओठात वाळूचा कण अडकल्यामुळं. त्याला पातळ, गुळगुळीत, वाकणारी पट्टी लागते. वरचं धूळकव्हर सरकवायचं, पट्टी पाइप आणि सीलच्या मधे घालायची आणि गोल फिरवून घाण ओढून काढायची. पूर्वी कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह असायच्या. आता घरात कुणाच्याच नाहीत. कपाटावर आईच्या कमरेचा जुना एक्स-रे होता, पिवळ्या पाकिटात. मी विचारलं. "काप की," ती म्हणाली, "त्यात आता नवीन काय दिसणार हाय?" मी कडेचा काळा भाग तेवढा कापला, मणके तसेच ठेवले. पट्टी आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्यावर लाल माती आणि चकचकीत काळा चिखल होता, आणि गळणं थांबलं. दोन पावसांच्या सरींपुरतं. मग पुन्हा कडं दिसायला लागलं, तेव्हा सगळं उघडायचंच ठरलं.

डबल स्टँडवर गाडी, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा, पुढचं चाक अधांतरी. चाक, ब्रेक, मडगार्ड काढेपर्यंत कुणालाही जमेल. वरची टोपी उघडताना मात्र तोंड बाजूला ठेवायचं, खाली स्प्रिंग दाबलेली असते आणि शेवटच्या आट्याला टोपी हातातून उडते. तेल ओतलं. मुळात ते पातळ आणि स्वच्छ असतं. हे शिसपेन्सिलीच्या रंगाचं, त्यात उन्हात चमकणारी बारीक चांदी, आणि वास असा की मांजर जवळ आलं आणि शिंकून पळालं. ती चांदी म्हणजे पाइप, बुश आणि ॲल्युमिनियमचं बॉटम, म्हणजे पाइप ज्यात वर-खाली होतो तो खालचा भाग, एकमेकांवर घासून निघालेला भुगा. एवढी वर्षं मी इंजिन ऑइल वेळेवर बदलत होतो आणि याच्याकडं कुणीच बघितलं नव्हतं, कुठल्याच सर्व्हिसिंगमध्ये. खरं तर मार हे तेलही खातं. पुढं सील बदलायचे तर बॉटमच्या तळाचा ॲलन बोल्ट काढावा लागतो, आणि तो सैल होण्याऐवजी आतल्या नळीसकट नुसता गरागरा फिरत बसतो. याला महागडं हत्यार मिळतं. अण्णा काही न बोलता उठले, आतून झाडूचा दांडा घेऊन आले, टोकाला सुरीनं चार बाजूंनी तासला आणि वरून पाइपात घालून दाबून धरला. दांडा आतल्या नळीच्या तोंडात रुतला. "हाण आता." बोल्ट कुर्रकन सुटला. झाडूचं काय करायचं यावर आईचं वेगळं मत होतं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जुन्या स्प्रिंगा मोजल्या तर मॅन्युअलमधल्या मापापेक्षा आखूड झालेल्या. नव्या मागवल्या त्या एका टोकाला दाट वेटोळ्यांच्या आणि दुसऱ्या टोकाला विरळ. सुरुवातीला दाट वेटोळी बसतात, गाडी मऊ लागते. ती एकमेकांना टेकली की उरलेली विरळ वेटोळी काम करतात आणि स्प्रिंग कडक होत जाते. दाट टोक वर ठेवायचं की खाली यावर अण्णांचा आणि माझा अर्धा तास गेला. दोन्ही चालतं. वर ठेवलं तर चाकाबरोबर उसळणारं वजन थोडं कमी होतं, म्हणून वर ठेवलं, आणि अण्णांनी ते आपलंच म्हणणं होतं असं जाहीर केलं. सील ठोकायला त्याच मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा, उभा चिरून. तेल दहाच्याच ग्रेडचं, गाडीला दिलेलं तेच, दाट नाही. त्याऐवजी पातळी थोडी वर घेतली. शॉकअप पूर्ण दाबून, स्प्रिंग बाहेर ठेवून, पाइपच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर मोजायचं असतं. सलाइनच्या नळीला सिरिंज लावून जास्तीचं तेल ओढून घेतलं. वर उरते ती हवाही एक स्प्रिंगच आहे. तेल वर घेतलं की हवेची जागा कमी, आणि मोठ्या दणक्याला शेवटच्या दोन बोटांत ती हवा आवळून धरते, तळ आपटत नाही. छोट्या खड्ड्यांना तिचा जाच नाही. दाट तेलानं जे करायचं म्हणतात ते असं करता येतं, आणि खर्च शून्य.

मागच्या बाजूला फारसं उघडण्यासारखं नव्हतं, नवे गॅसचे शॉकअप आणले. नुसत्या तेलाचा शॉकअप लागोपाठ बारीक खड्ड्यांवर सतत वर-खाली होत राहिला की आतलं तेल फेसाळतं, आणि फेसाला विरोध करता येत नाही, म्हणून पाच-सात किलोमीटरनंतर गाडी अचानक डुलायला लागते. नायट्रोजन दाबून भरला की तेल फेस धरत नाही. गंमत अशी की ही सगळी विद्या आपल्या अंगणातली आहे. गॅब्रिएलचा कारखाना चाकणला, एन्ड्युरन्सचे वाळूजला. देशभरातल्या दुचाकी ज्यांच्यावर तोलून असतात असे लाखो शॉकअप महाराष्ट्रात बनतात, ट्रकात चढतात आणि आपल्याच खड्ड्यांतून हेलपाटत बाहेर पडतात. त्यांच्या चाचणीसाठी वेगळा ट्रॅक कशाला बांधत असतील कोण जाणे.

मग मोजमाप, आणि तो दिवस आमच्या गल्लीला करमणुकीचा गेला. चाक अधांतरी असताना एक माप, गाडी आपल्या वजनानं उभी असताना दुसरं आणि माणसं बसल्यावर तिसरं. पहिल्या आणि तिसऱ्यातला फरक चाकाच्या एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास यायला हवा. म्हणजे खड्डा आला तर चाकाला खाली जायलाही जागा राहते आणि उंचवटा आला तर वर यायलाही. जुन्या शॉकअपवर मी आणि आई दोघं नुसते बसलो की निम्म्याहून जास्त चाल तिथंच संपत होती. उरलेल्यात गतिरोधक कुठून मावणार. आता पुन्हा ती मागं बसली, शेजारचा पोरगा हँडल धरून, अण्णा टेप धरून, आणि मी पाय वर घेऊन मूर्तीसारखा. "श्वास घेऊ नका," अण्णा म्हणाले. आईनं विचारलं, "आनी हे मापून रस्ता सुधारणार हाय का?"

मागच्या शॉकअपला खाली पाच खाचांची रिंग असते, हुक पान्यानं फिरवायची. ती फिरवली की स्प्रिंग कडक होते असं सगळे धरून चालतात, गॅरेजवालेही. तसं होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीत, वेटोळ्यांच्या संख्येत आणि घेरात असतो. रिंग फिरवून त्यातलं काहीच बदलत नाही. फक्त गाडी उचलली जाते, वजनाखाली जी बसली असती ती कमी बसते. चौथ्या खाचेवर आमचं माप अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं आलं. मी आईला घेऊन मल्हारपेठपर्यंत जाऊन आलो. पुढचं चाक डांबराच्या काठावर चढलं, हातात एक दबका ठोका आला आणि तिथंच संपला. मागून काही आवाज नाही. पूर्वी प्रत्येक दणक्याला तिच्या तोंडून एक बारीक 'आई गं' निघायचं, ते माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की आता ते नाही म्हणून मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. घरी आल्यावर म्हणाली, "चांगली केलीस. पर उंच झालीया." खरंच होतं. सीट जेमतेम दोन बोटं वर गेली होती, पण तिच्या गुडघ्याला ती दोन बोटं पुरेशी होती. पाठ वाचवली आणि गुडघा अडकला. दुसऱ्या दिवसापासून ती ओट्याच्या पायरीवरून चढायला लागली, पण लग्नाच्या हॉलबाहेर ओटा कुठून आणायचा. एक खाच उतरवली. माप थोडं बिघडलं. ती चढू शकते.

आता थोडं न आवडणारं. गाडी चांगली झाल्यापासून मी त्या टप्प्यावर वेग कमी करत नाही. पूर्वी तिथं आलो की शिव्या यायच्या, संबंधित कार्यालयाला मोबाइलवर काढलेले फोटो पाठवायचो, उत्तर येत नव्हतं तरी पाठवायचो. परवा लक्षात आलं, पावसाळा संपत आला आणि मी एकही फोटो पाठवलेला नाही. खड्डे तेच आहेत, थोडे वाढलेत. मला लागत नाहीत. चारचाकीवाल्यांचं असंच होत असेल, आणि ज्यांच्या गाडीला पुढं पायलट असतो त्यांचं तर कधीच होऊन गेलं असेल. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळं जीव गेला तर वारसांना ६ लाख, जखमी झाला तर ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी असा आदेश दिला. वाचून बरं वाटलं होतं. मग मनात आलं, कमरेच्या गादीचं काय. ती एका खड्ड्यात जात नाही, तिची तारीख नसते, पंचनामा नसतो. स्प्रिंगांना आणि शॉकअपला घातलेले पैसे कुणाकडं मागायचे हा तर प्रश्नच विचारायचा नाही, रस्ता कराची पावती कपाटात आहे एवढंच. तरीही ते पैसे गेल्याचं मला वाईट वाटत नाही. अण्णा दोन-तीन दिवस पडवीत खुर्चीवर ताठ बसून होते, त्यांचा आवाज वर्कशॉपमधल्यासारखा चढला होता, आणि असा रविवार मला खूप दिवसांत मिळाला नव्हता. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, त्याला माझा इलाज नाही.

गल्लीत बातमी पसरली. दूधवाला मामा त्याची स्प्लेंडर घेऊन दारात. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, भरले की दुधाचंच वजन ऐंशी किलोच्या वर, शिवाय कॅन, शिवाय मामा. मागचं मडगार्ड टायरला घासून आतून चकचकीत झालेलं. "तुझ्या आईसारखी माझीबी करून दे," म्हणाला. मी बघितलं, रिंग सगळ्यात खालच्या खाचेवर गंजून बसली होती, गाडी घेतल्यापासून कुणी हात लावला नसावा. डिझेल सोडून, टोले देऊन ती सुटली. पाचव्या खाचेवर नेली तर भरल्या कॅनांना गाडी सरळ उभी राहिली. मामा खूश. मग येताना रिकामे कॅन असतात त्याचं काय, असं त्यानंच विचारलं. रिकाम्या गाडीला पाचवी खाच म्हणजे आमची रिकामी एसटी. कॅन घंटेसारखे वाजणार, कंबर जाणार. मी सांगितलं, डेअरीला जाताना पाचवी, दूध घालून परत येताना दुसरी, दोन मिनिटांचं काम आहे.

"म्हंजी रोज दोनदा वाकायचं?"

"व्हय."

मामानं विचार केला. दुधाला मिळणारा दर, फॅट, पेंडीचा भाव आणि कंबर असं सगळं त्याच्या तोंडावरून एकदा फिरून गेलं. मग त्यानं माझ्या हातातला हुक पाना घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि कॅनच्या कडीत अडकवला. "मग ह्यो माझ्याकडंच ऱ्हाऊ दे." त्याला आता बरेच दिवस झाले. मागायला गेलं की मापावर अर्धा लिटर जास्त घालतो आणि 'उद्या देतो' म्हणतो. आई म्हणते, मागू नको, दूध चांगलं आहे. तोवर आमची गाडी तिसऱ्या खाचेवर.